पेन स्वस्त होईल. मुलांवरचा अभ्यास कोण करणार?

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली



मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट संपले. आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर टोचायचे, भूक कमी करणारे हे औषध. जून २०२५ मध्ये ते वेगोवी या नावाने वजनासाठी म्हणून आपल्याकडे आले, त्याच्या तीन महिने आधी टिरझेपटाइड या तशाच औषधाचे मौन्जारो आले होते. तेव्हा महिन्याचा खर्च ऐकला की बहुतेक घरांतला विषय तिथेच संपायचा. आता तो तिथे संपणार नाही. पेटंट संपण्याची वाट पाहत देशी कंपन्यांनी तयारी केव्हाच करून ठेवली होती, आणि एकाच औषधासाठी इतके विक्रेते बाजारात उभे राहिले की किमतीचे काय होते ते आपल्या देशातल्या कोणत्याही केमिस्टला विचारावे.

मोठ्या माणसांसाठी ही चांगली बातमी आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीत दवाखाना चालवतो, आणि हे पत्र लहानांसाठी लिहीत आहे.

माझ्याकडे येणाऱ्या आया वजनाची तक्रार फारशी करत नाहीत. त्या मानेची तक्रार करतात. "डॉक्टर, हिची मान कितीही घासा, मळ निघतच नाही." डाळीचे पीठ लावून झालेले असते, लिंबाची फोड चोळून झालेली असते, एकीने तर वज्रीने घासून मुलीची कातडी सोलवटून आणली होती. तो मळ नसतोच. मानेच्या घडीत, काखेत मखमलीसारखी जाड आणि काळी झालेली ती त्वचा म्हणजे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाल्याची खूण आहे. मग मी मुलीला काट्यावर उभी करतो, उंची घेतो, तक्त्यावर टिंब काढतो आणि ते टिंब सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर पडते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हे नंतर हळू आवाजात कळते. आणि हल्ली शेवटी मोबाइल पुढे येतो. त्यात निळ्या पेनचा फोटो असतो. "आमच्या जाऊबाईंनी घेतलं, पुण्याला असतात त्या. खूप उतरल्या. हिला चालेल का?"

या प्रश्नाला मी काय उत्तर द्यावे, हे आपल्याला विचारायचे आहे. आपल्याला अशासाठी, की उत्तर ज्या अभ्यासातून यायला हवे तो या देशात झालेला नाही. आणि तो करण्यात आर्थिक हित असलेला कोणीही आता उरलेला नाही.

जे माहीत आहे ते आधी नीट सांगतो, कारण ते थोडे नाही. २०२२ च्या अखेरीस 'स्टेप टीन्स' या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. १२ ते १८ वयाची २०१ मुले, ६८ आठवडे. औषध मिळालेल्या गटाचा बॉडी मास इंडेक्स सरासरी १६.१ टक्क्यांनी उतरला, नुसते सल्ले आणि बिनऔषधी इंजेक्शन मिळालेल्यांचा ०.६ टक्के वाढला. मुलांच्या लठ्ठपणात असा फरक औषधाने कधीच दिसला नव्हता. मळमळ, उलट्या, जुलाब औषध घेणाऱ्यांत ६२ टक्क्यांना झाले, दुसऱ्या गटात ४२ टक्क्यांना. पित्ताशयातले खडे औषधाच्या गटात ४ टक्के मुलांना झाले, दुसऱ्यात एकालाही नाही. उंची वाढण्यात किंवा वयात येण्यात काही बिघाड दिसला नाही. चाचणी चोख होती, तिच्यावर मला शंका घ्यायची नाही. ती अमेरिका, मेक्सिको, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम, क्रोएशिया आणि रशिया या आठ देशांत झाली. खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीने केला आणि कंपनीला जेवढे हवे होते तेवढे, म्हणजे बारा वर्षांवरील मुलांसाठी अमेरिकेतली मंजुरी, तिला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिळाले. ६८ आठवडे म्हणजे पूर्ण दीड वर्षही होत नाही. माझ्यासमोरची मुलगी तेरा वर्षांची आहे.

या पुराव्यावर अमेरिकेतल्याच जाणत्यांचे एकमत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की बारा वर्षांवरच्या लठ्ठ मुलांना औषधाचा पर्याय द्यावा. तिथल्याच सरकारी प्रतिबंधक सेवा कार्यदलाने जून २०२४ मध्ये शिफारस केली ती आहार, व्यायाम आणि सवयींवरच्या समुपदेशनाची, वर्षभरात किमान २६ तास. औषधांबाबत पुरावा अपुरा आहे, आणखी संशोधन हवे, असे म्हणून ते थांबले. सव्वीस तास! आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलाच्या वाट्याला पाच मिनिटे आली तर तो दिवस बरा म्हणायचा. म्हणजे जो उपाय सगळ्यांना मान्य आहे तो आपल्याकडे जवळपास मिळत नाही, आणि ज्याच्यावर वाद आहे तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणार आहे. परवानगीच्या कागदावर वय काहीही लिहिलेले असो, चिठ्ठी लिहिणारा कोणीतरी सापडतोच. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहीत आहे.

आता आपल्या मुलांचे वेगळेपण. हे आपल्याला मी सांगायला नको. पण पत्र खुले आहे, इतरही वाचतील. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. स्नायू कमी, हाडापेराने बारीक, पोटाचे अवयव लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जशीच्या तशी. वरून काटकुळे दिसणारे मूल आतून चरबीदार असू शकते, हे जगाला या गावांनी दाखवले. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखा, २२.३. शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. कोणाची किती, हे वाचकाने ओळखले असेलच. पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांच्या कामातून बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आले आणि त्यात अतिवजन व लठ्ठपणाच्या रेषा प्रौढ वयातल्या २३ आणि २७ शी जोडल्या गेल्या. पाश्चात्त्य तक्त्यांत त्या २५ आणि ३० शी असतात. म्हणजे आमचे मूल लठ्ठ कधी म्हणायचे, याचा मापदंड आम्ही आमचा केला. औषध कधी सुरू करायचे, किती द्यायचे, कधी थांबवायचे, याचा मात्र अजून परका आहे.

स्नायू आधीच कमी असलेल्या मुलाचे वजन झपाट्याने उतरले तर त्यातले किती चरबीचे आणि किती स्नायूंचे? हा प्रश्न क्रोएशियातल्या मुलापेक्षा कवठेमहांकाळच्या मुलाच्या बाबतीत जास्त तातडीचा आहे. हाडे भरण्याची वर्षे हीच. आपल्या मुलांत ड जीवनसत्त्व कमी, ताटात प्रथिने कमी. भूक निम्म्यावर आली की ताटातले आधी काय सुटते? वडापाव आणि कुरकुरे, की उसळ आणि दूध? मला खरोखर माहीत नाही, आणि ज्याने मोजले आहे असा कोणी मला भेटलेला नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वजन उतरले की बंद पडलेली पाळी परत येते, बीजकोष कामाला लागतो. या औषधाचा नियम असा की गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते बंद करावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. व्हिएन्नातल्या संशोधकाला हा आकडा लक्षात घ्यायची गरज नव्हती. आपल्याला आहे.

आणि थांबवायचे कधी? मोठ्यांच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातले दोन-तृतीयांश परत आले. लिराग्लुटाइड या आधीच्या औषधाच्या किशोरांवरच्या चाचणीतही ते बंद केल्यावर वजनाने उसळी घेतली. मग तेराव्या वर्षी सुरू केलेले पेन कधीपर्यंत? कमी मात्रेवर टिकवता येईल का? एक आठवडा टोचून एक आठवडा सोडला तर? असे प्रश्न विचारणाऱ्या चाचणीवर औषध विकणारी कंपनी पैसे का घालेल? कमी खपाचा शोध लावून घेण्यात तिला रस असायचे कारण नाही. मूळ कंपनीचे पेटंट इथे संपले. नकलेच्या औषधवाल्याला फक्त आपले औषध मूळ औषधासारखेच आहे एवढे सिद्ध करायचे असते, मुलांवर नव्याने काही शोधायचे बंधन त्याच्यावर नाही. यात कोणी लबाड नाही. जिथे नफा संपतो तिथे चाचणी संपते, हा व्यवहार आहे, आणि त्यापुढची जागा सार्वजनिक पैशाची आहे.

अमेरिकेने हे ओळखून २००२ मध्ये कायदाच केला, की पेटंट संपलेल्या औषधांचे मुलांवरचे अभ्यास राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पुरस्कृत करावेत. आणि सरकारी पैशाने काय साधते, त्याचा नमुना म्हणून 'टुडे' हा अभ्यास घ्या. टाइप २ मधुमेह झालेली १० ते १७ वयाची ६९९ मुले. प्रश्न साधा होता: मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त औषध या मुलांना पुरते का? ते पुरत नाही असे दाखवून देण्यासाठी कोणती कंपनी खर्च करणार होती? २०१२ मध्ये उत्तर आले की एकट्या मेटफॉर्मिनवर निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची साखर आटोक्यात राहत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी मुलांना वाऱ्यावर सोडले नाही, तपासत राहिले. २०२१ मध्ये, ती मुले सरासरी सव्वीस वर्षांची झाली तेव्हा, साठ टक्क्यांच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत किंवा नसांत मधुमेहाने निदान एक तरी नुकसान केलेले होते. लहानपणी सुरू झालेला हा आजार मोठेपणीच्या मधुमेहापेक्षा किती निर्दय आहे, हे जगाला या दुसऱ्या निकालाने कळले. लठ्ठ किशोरांवरच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा दहा वर्षांचा हिशेबही तिथल्या सरकारी पैशानेच ठेवला. आपल्याकडे पुण्याच्या त्या सहा गावांतल्या मुलांचा माग इतकी वर्षे राहिला, त्यात वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचा मोठा वाटा आहे. याबद्दल त्यांचे आभार. पण हे वाचून दिल्लीत कोणाला थोडी लाज वाटली तर वावगे होणार नाही.

न तपासता मुलांना औषध दिले की काय होते, याचा आपला इतिहासही आहे. निमेसुलाइड आठवत असेल. तापाच्या मुलांना ते सरबतासारखे पाजले गेले. अमेरिकेत ते कधी मंजूरच झाले नव्हते. यकृताच्या धोक्याची ओरड वर्षानुवर्षे चालल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली. त्याच वेळी सिब्युट्रामीनवरही बंदी आली. ते वजन कमी करण्याचेच औषध होते. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर जगभरातून मागे घेतले गेले. त्यातले किती आपल्या किशोरवयीन मुलांच्या पोटात गेले याचा हिशेब कुठे ठेवलेला मी पाहिलेला नाही.

आता आक्षेप. माझा एक मित्र मेळघाटात काम करून आलेला आहे. तो म्हणतो, "अरे, तिथे पोरं हाडं मोजता येतील अशी आहेत आणि तू जाड्यांसाठी पैसे मागतोस?" त्याचे चुकत नाही. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुले वयाच्या मानाने रोड निघाली, अतिवजनाची ५ टक्के. पण दुसरा आकडाही बघावा लागतो: २०२२ मध्ये भारतात ५ ते १९ वयाची सव्वा कोटी मुले लठ्ठ होती; १९९० मध्ये ती ४ लाख होती. आणि पुण्याच्या कामाने हेच तर शिकवले, की पोटात असताना उपाशी राहिलेले मूलच पुढे पोषण मिळाल्यावर चरबी आणि साखरेकडे झुकते. मित्राची पोरे आणि माझी पोरे एकाच गोष्टीच्या दोन पिढ्या आहेत. शिवाय मी कुपोषणाच्या तोंडचा घास मागत नाही. पोषण आहाराचा पैसा संशोधनाच्या तिजोरीतून येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. आधी शाळेबाहेरची पाकिटे बंद करा, मैदाने परत द्या, पाकिटावर पुढच्या बाजूला इशारा छापा, औषध कशाला? हे सगळे करावे, काल करायला हवे होते. पण त्याने उद्या जन्मणारी मुले वाचतील. मानेवर काळी घडी घेऊन आज समोर बसलेल्या मुलीला "मैदान होईपर्यंत थांब" असे मी म्हणू शकत नाही. आणि अभ्यास करा म्हणणे म्हणजे औषध द्या म्हणणे नव्हे. नीट रचलेल्या चाचणीत एका गटाला खरोखरचे सव्वीस तास द्या, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक नेमून. औषधाइतका नाही तरी पुरेसा फायदा त्यानेच झाला, तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. तेव्हा तो उपाय प्रत्येक जिल्ह्यात मागायला हातात पुरावा असेल.

एका गोष्टीबद्दल मात्र सरळ बोलतो, कारण ती आपल्या परिषदेशी निगडित आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. २०१० मध्ये तो थांबवावा लागला. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, पण आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, हे बाहेर आले आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने परिषदेवरही कडक ताशेरे ओढले. तो घाव अजून भरलेला नाही. मुलांवर 'प्रयोग' म्हटले की गावात दार बंद होते, ते यामुळे. आपल्याच २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात ते अकरा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. या विषयात तो होकार नुसता कागद राहू नये. आई वजन कमी करायला उतावीळ असते, मुलीला वर्गात 'ढब्बू' म्हणतात म्हणून ती कशालाही हो म्हणायला तयार असते. नाही म्हणायची मोकळीक कोणी द्यायची? वजनाची लाज घेऊन आलेल्या मुलाला नकार देता येईल अशी खोली, असा वेळ आणि असा माणूस, याचा खर्च अंदाजपत्रकात आधी धरा. नंतर उरले तर, असे नको.

साधने नाहीत असेही नाही. परिषदेचे चिकित्सा चाचण्यांचे 'इंटेंट' हे जाळे उभे आहे. तरुण वयातल्या मधुमेहींची नोंदवही २००६ पासून परिषद चालवते. देशभरच्या मधुमेहाचा नकाशा आपण एक लाखाहून अधिक माणसे तपासून काढला. तो वीस वर्षांवरच्यांचा होता, त्याखालची रांग अजून उभी आहे. शाळाशाळांत जाणारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आहेत. परळला परिषदेची स्वतःची प्रजनन आणि बालआरोग्य संस्था आहे, हैदराबादला पोषण संस्था. आणि आता औषधही स्वस्त होईल, म्हणजे चाचणीतला एक मोठा खर्च खाली येईल. ही सवलत आपल्याला पेटंट संपल्यामुळे फुकट मिळाली आहे.

म्हणून विनंती अशी. मुलांच्या लठ्ठपणावरच्या औषधांसाठी परिषदेने आपल्या पैशाने बहुकेंद्री अभ्यास जाहीर करावा, ज्यात जिल्ह्याच्या ठिकाणची सरकारी महाविद्यालये असतील. फक्त महानगरांतली पंचतारांकित रुग्णालये नकोत. आपल्या तक्त्यांच्या रेषा वापराव्यात. कमी मात्रा, औषध थांबवण्याच्या पद्धती, स्नायू आणि हाडे, पाळी, मन या गोष्टी वजनाइतक्याच मोजाव्यात. मुलांचा माग पंचविशीपर्यंत ठेवावा आणि त्यासाठीचा पैसा पहिल्याच वर्षी बाजूला काढावा, कारण आपल्याकडे अभ्यास औषधाने मरत नाहीत, तिसऱ्या वर्षी न आलेल्या हप्त्याने मरतात. औषध कंपन्यांकडून पेने विकत घ्यावीत, दान घेऊ नयेत. चाचणीत आलेल्या मुलाला उपयोग झाला तर नंतरही औषध मिळेल हे आधी लिहून द्यावे.

तोवर निदान एक काम लगेच होऊ शकते. अठरा वर्षांखालच्या ज्या मुलांना ही औषधे आजच दिली जात आहेत, त्यांची नोंदवही उघडा. कोणी दिले, किती दिले, का थांबवले, एवढेच रकाने पुरतील. आमच्यासारखे डॉक्टर ती भरतील, काही लाजून भरणार नाहीत, पण सुरुवात होईल.

आणि निकाल काहीही लागो, तो छापा. औषध आपल्या मुलांना मानवले नाही असा निघाला, तर आधी छापा आणि मराठीतही छापा. मला तो त्या आईच्या हातात द्यायचा आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, सांगली